दही आत्याबाईंचं, साखर मामाजींची

लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या बाया मला पाहायला आल्या. माहेरी मी चांगलीच बडबडी. पण निघताना आईनं बजावलं होतं, म्हणून समोरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, खाली मान घालून बसले होते आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर देत होते. सासरे एकदम खुश. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उथळ पाण्याले खळखळाट फार. आमची सून खोल पाणी हाय."

मला बरं वाटलं. तेवढ्यात सासूबाई आतून चहाचा गंज घेऊन आल्या. गंज खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू बी पडून राह्यतात. बोलत जाय व पोरी. लोकं म्हणतीन, सून मुकीच आणली."

आता मी बोलायचं की गप्प बसायचं? मी दोघांकडे पाहून नुसती हसले. ते दोघांनाही आवडलं नाही.

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. तर आमचे मामाजी आणि आत्याबाई कधी भांडत नाहीत. एकमेकांना वाकडा शब्द नाही, ताट आपटणं नाही. फक्त म्हणी. त्यांनी एक टाकली की यांनी दुसरी टाकायची, आणि दुसरी बरोबर पहिलीच्या उलटी. दोघं चौथीच्या पुढं शिकलेली नाहीत, पण म्हणींचं म्हणाल तर कोणाच्या बापाला हार जाणार नाहीत. ढाणकीच्या बाजाराला जाणारी माणसं आमच्या सपरीवर पाच मिनिटं टेकून जायची, ती काही पाणी प्यायला नव्हे.

एकदा मला ताप आला. मी स्वतः नर्सिंगचा कोर्स केलेली, गोळी घेऊन पडले होते. मामाजी दारातून म्हणाले, "लंघनासारखं औषध नाई. आज पोटात अन्न नको जाऊ देऊ." आत्याबाई चुलीपासून ओरडल्या, "आधी पोटोबा, मंग विठोबा! चून-भाकर करून राह्यली मी, गरम गरम खाय." मी पिठलं-भाकर खाल्ली आणि मामाजींना सांगितलं की लंघन केलं. ताप उतरला. तो आपापल्या उपायानं उतरला असं दोघंही गावभर सांगत होते.

नवरा स्वभावानं अबोल. दिवसाला वीस वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. पण त्यानं पहिल्याच महिन्यात मला एक गोष्ट शिकवली. "बारक्या कामाले दोघाईतला एक जण आपल्या बाजूनं असला का पुरे. अन् एक जण असतेच. मोठ्या कामाले मात्र दोघंही लागतात."

मोठं काम म्हणजे गाव सोडून जायचं काम. त्याची आमच्या घरात एक रीत होती. निघणाऱ्याच्या तळहातावर आत्याबाई दही ठेवायच्या आणि त्या दह्यावर मामाजी चिमूटभर साखर टाकायचे. दही-साखर सगळीकडेच देतात, पण आमच्याकडे ते दोन हातांनीच झालं पाहिजे. नवरा एकदा बैल आणायला निघाला, तेव्हा मामाजींना तो बैल पसंत नव्हता आणि ते साखर न टाकताच वावरात निघून गेले. हा नुसत्या दह्यावर गेला. बैल दिसायला झकास, पण बसका निघाला. वखराला जुंपला की अर्ध्या तासात वावरातच बसायचा, मग शेपटी पिरगाळा नाहीतर हात जोडा. बैल वाईट होता असं आमच्या घरात आजही कोणी म्हणत नाही. साखर नव्हती असं म्हणतात.

माझ्यावर ही रीत उलटली ती लग्नानंतर दोन वर्षांनी.

माझी नर्सची निवड झाली. कोर्स लग्नाआधीच झालेला. दोनदा अर्ज केला, दोनदा यादीत नाव नाही. पांढरा ड्रेस पेटीत पडून घडीवर पिवळा पडला होता. तिसऱ्यांदा मोबाईलवर यादी आली आणि त्यात माझं नाव. मी तो मोबाईल घेऊन अंगणात चक्क उड्या मारल्या. मग गावाचं नाव वाचलं. झरी जामणीतलं, जंगलाच्या अगदी काठावरचं एक उपकेंद्र. जिल्हा आमचाच, पण आम्ही एका टोकाला आणि ते दुसऱ्या. उमरखेडला एक गाडी, यवतमाळला दुसरी, पांढरकवड्याला तिसरी, आणि पुढं मिळेल ती. अकरा महिन्यांचा करार. पुढच्या सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या खालच्या बाईला बोलावणार. तिसऱ्यांदा आलेली ही संधी गेली तर चौथ्यांदा कोण विचारतंय, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "जाय. पंधरा दिवसातून येत जाशीन, मधात मी येत जाईन." झाली त्याची वाक्यं. उरले दोघं.

मामाजी पहिल्याच झटक्यात माझ्या बाजूनं. "पिकते तिथं विकत नाई. या गावात हिच्या शिक्षणाले कोण विचारते? जाऊ दे तिले."

"दुरून डोंगर साजरे," आत्याबाई म्हणाल्या. "जवळ गेल्यावर दगड अन् काटे."

"पाण्यात पडल्याबिगर पोहता येत नाई."

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नाई."

तीन दिवस हे चाललं. मी चौथीचा धडा ऐकत बसल्यागत तांदूळ निवडत बसायचे. आत्याबाईंना कसं वळवावं हाच घोर. चौथ्या दिवशी मी पेटीतून पांढरा ड्रेस काढला, नीळ घालून धुतला आणि वाळत टाकला. आत्याबाई त्या ड्रेसकडे बराच वेळ पाहत उभ्या होत्या. त्याला हात लावून पाहिला. संध्याकाळी चुलीपुढं बसून म्हणाल्या, "पोरीनं एवढं शिकून चुलीतच जावं का? आपलं नाणं खणखणीत हाय तं वाजू द्यावं."

मला वाटलं, झालं काम! जिंकली मी!

कुठलं काय. आत्याबाई इकडं आल्या म्हटल्यावर मामाजी तिकडं जाणारच. त्यांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. "कुठी बी जा, पळसाले पानं तीनच. बिमार माणसं इथं नाईत का? सुया इथं टोचता येत नाईत का?"

"सध्या तं पळसाले एकबी पान नाई," आत्याबाई म्हणाल्या. "नुसती फुलं हायेत. जाऊन पाह्या धुऱ्यावर."

फाल्गुन सुरू होता, आणि शेताच्या धुऱ्यावरचे पळस खरोखरच लालभडक झाले होते. मामाजी जास्तच चिडले आणि दुसऱ्या दिवशी तीन म्हणी जास्तीच्या घेऊन आले.

शुक्रवार उजाडला. रविवारी सकाळी निघायचं. दही माझं होतं, साखर नव्हती. आणि इथं मी माझी अक्कल चालवली. मी जरा तापट आहे, आणि तापट माणसाला सुचलेली युक्ती नेहमी अर्धीच असते. मी विचार केला, मामाजी म्हणजे उलटं बोलणारं माणूस. आपण 'नाही' म्हटलं की ते 'हो' म्हणतील. सोपं!

ते सपरीत दोरी वळत बसले होते. मी पदराला हात पुसत गेले आणि मोठा चेहरा पाडून म्हणाले, "मामाजी, मलेच नाई जायचं. मन नाई लागणार माहं तिकडं."

मी वाट पाहत उभी राहिले. आता म्हणतील, काहून नाई? जाय!

मामाजींनी दोरी खाली ठेवली. त्यांचा चेहरा असा फुलला की मला माझी चूक तिथंच कळली. "शाबास!" ते म्हणाले. "ऐकावं जनाचं, करावं मनाचं. शहाणी हाय पोरगी."

ते सगळ्या जगाच्या उलट बोलत नव्हते. ते फक्त आत्याबाईंच्या उलट बोलत होते. दोन वर्षं त्या घरात राहून मला एवढं कळलं नव्हतं. आणि म्हटलं, जाऊ दे, निदान आत्याबाई आता याच्या उलटं बोलतीलच. त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, "तिचंच मन नाई तं राहू द्या. मारून मुटकून वैद्यबुवा होत नसते."

मामाजींनी मान वर केली. आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दोघंही जरा बावरलेच. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा एकाच बाजूला बसलेले, कुठं बघावं ते कळेना.

नवरा हरभरा सोंगून घरी आला तेव्हा दोघं जवळजवळ बसून एकमेकांचं म्हणणं बरोबर ठरवत होते. तो विळा हातात धरून उंबऱ्यावर थांबला. "काय झालं? कोणाची तब्येत खराब हाय का?"

आणि मग आत्याबाईंनी मला शिरा करायला सांगितलं. आनंदाचा! घरात एकमत झालं म्हणून! शेजारच्या काकूंना बोलावलं, त्यांच्या सुनेला बोलावलं. मी चुलीपुढं बसून स्वतःचीच नोकरी गेली म्हणून स्वतःच शिरा हलवत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुराच्या नावावर खपलं. नवरा पाणी प्यायला आत आला. मी त्याला दबक्या आवाजात सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुमी सांगा ना त्याईले, मी खोटं बोलली म्हणून."

तो गडूभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "करावं तसं भरावं."

"आता तुमी बी?" मी उलथनंच उगारलं. "या घरात एक माणूस बिना म्हणीचं होतं, ते बी गेलं!"

तो हसत हसत बाहेर पळाला. मला हसू येत नव्हतं. मी रागानं शिऱ्यात आणखी साखर ओतली. साखरेचं काय, डबाभर होती. मला हवी ती चिमूटभर मिळत नव्हती.

ताटं मांडली. शेजारच्या काकू म्हणाल्या, शिरा झकास झाला. मामाजी म्हणाले, मनासारखं झालं का गोडच लागते. आत्याबाई म्हणाल्या, हाव ना, खरं बोलले. त्या 'खरं बोलले'वर माझं डोकं फिरलं. मी हातातला गंज ठणकन खाली ठेवला.

"मले जायचं हाय!" मी म्हणाले. "मी खोटं बोलली. मामाजी उलटं बोलतीन म्हणून बोलली. मले जायचं हाय, पहिल्या दिवसापासून जायचं हाय, अन् तुमच्या म्हणीपायी मी इथं शिरा वाढून राह्यली! तुमची हरेक म्हण खरी हाय. पण दोघाईच्या मिळून मी जाऊ का राहू, हे दोन वर्षांत एकदाबी कळलं नाई. आता बिना म्हणीचं सांगा. तुमच्या मनात काय हाय तेवढंच सांगा."

शेजारच्या काकूंनी घास तोंडात तसाच धरला. मामाजींनी तोंड उघडलं, "अवं पोरी, उतावळा नवरा..."

"म्हण नाई म्हटलं ना तिनं!" आत्याबाई खेकसल्या.

मामाजींनी तोंड मिटलं. परत उघडलं. परत मिटलं. त्या माणसाला खरोखरच म्हणीशिवाय बोलता येईना. शेवटी ते ताटावरून उठले, चूळ भरली आणि गोठ्याकडे निघून गेले. शिरा अर्धा तसाच राहिला. शेजारणी ताटं आवरायच्या निमित्तानं उठल्या.

मला वाटलं, संपलं. मी भिंतीला टेकून बसले. आत्याबाई सरकत माझ्याजवळ आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत एकदम सरळ बोलल्या.

"नणंद तुही सासरी गेली ना, तवापासून तू येईपर्यंत, तीन वर्षं, या घरात कोणी बोललंच नाई. मी भाकर टाकायची, ते खायचे. पोरगा तं तुले माहीतच हाय. म्हणी येत होत्या, पण कोणाले ऐकवाव? ते मले बोलत नव्हते, मी त्याईले बोलत नव्हती. तू आली अन् आमाले तोंड फुटलं. आमी तुले ऐकवासाठी बोलतो व. तू गेली का ते मंग तसेच मुके होतीन. मले त्याचं भेव वाटते."

मला आतापर्यंत वाटत होतं की ही दोघं चाळीस वर्षं रोज अशीच रंगात येत असतील आणि मी मधे अडकलेली बिचारी सून आहे. मी त्यांचा हात धरला आणि खूप रडले. त्याही रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "पण तू जाय. तो ड्रेस मी आणखी एकदा पिवळा नाई होऊ देत."

शनिवारी मामाजी कोणाशी बोलले नाहीत. मीही त्यांच्या वाटेला गेले नाही. पिशवी भरली, डबा भरला, चटणी बांधली.

रविवारी पहाटे उठले तर मामाजी घरात नाहीत. गोठ्यात नाहीत, सपरीत नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, "गेले असतीन वावरात." आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींच्याही डोळ्यांपुढं तो बसका बैल आला. गावात मुक्कामी असलेली गाडी सहाला सुटते, थांबायला वेळ नव्हता. आत्याबाईंनी माझ्या तळहातावर दही ठेवलं. मी ते खाल्लं नाही. मूठ अर्धी मिटून तशीच निघाले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातातून दही गळतंय, मागं आत्याबाई, त्यांच्यामागं नवरा डोक्यावर पेटी घेऊन. दारादारातून बाया पाहत होत्या.

गाडीपाशी पोचलो. रविवारची लग्नसराई, गाडी गच्च भरलेली. आणि पुढून दुसऱ्या खिडकीत मामाजी! बाजूच्या सीटवर त्यांचा शेला पसरलेला, आणि दोन माणसं त्यांच्याशी भांडत होती. चार वाजता येऊन त्यांनी माझी जागा धरली होती.

मी वर चढले. ते उठले. खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातावर चिमूटभर साखर टाकली. मग जरा विचार करून सगळीच पुडी ओतली. म्हण नाही, साधा शब्द नाही. मी त्या हातानंच त्यांच्या पाया पडायला वाकले, तर दही त्यांच्या धोतरावर सांडलं.

मी बसले, ते खाली उतरले, आणि खिडकीखाली आत्याबाई होत्याच.

"माणसं जोडत जाजो पोरी," त्या म्हणाल्या. "गाव करीन ते राव काय करीन."

मामाजींचा चेहरा उजळला. दोन दिवसांनी त्यांचा घसा मोकळा झाला. "अती परिचयात अवज्ञा! कामापुरतं बोलजो सगळ्याईसंग."

"जंगलात एकटीनं राहून काय झाडाईसंग बोलीन का ती?"

गाडी हलली तरी त्यांचं संपलं नव्हतं. कंडक्टर डोकं बाहेर काढून ऐकत होता.

आता मला इथं दीड वर्ष झालं. करार एकदा वाढला. पोरांना लस देते, बाळंतपणं करते, कोलाम बायांकडून कोलामीचे चार शब्द शिकले आहे. पळसाला इथंही पानं तीनच आहेत, पण माणसं वेगळी आहेत. रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी घरून फोन येतो. 'कशी हाय' वगैरे काही नाही. "पोरी, आता तूच सांग..." असंच सुरू होतं. मोबाईल तिकडं डब्याला टेकवून ठेवलेला असतो, मी इकडं भाकरी थापत असते. मी फक्त "हं" म्हणते. कधी मामाजींना, कधी आत्याबाईंना, जमेल तसं सारखं वाटून.

परवा असंच चाललं होतं आणि मधेच रेंज गेली. इथं ती रोजच जाते. तासाभरानं आली, तेव्हा मी घाबरून नवऱ्याच्या मोबाईलवर फोन लावला. म्हटलं, दोघं गप्प बसली असतील, राग आला असेल.

नवरा दबक्या आवाजात बोलला. मागून दोघांचे आवाज येत होते, आत्याबाईंचा चढा, मामाजींचा त्याहून चढा.

"अजून बोलूनच राह्यले," तो म्हणाला. "तुहा फोन बंद पडला हे त्याईले माहीतच नाई. सांगू का?"

"नका सांगू," मी म्हणाले.